डाग राखणारी दुरुस्ती

यूट्यूबवर 'रिस्टोरेशन' नावाचा एक व्हिडिओप्रकार आता चांगलाच रुळला आहे. गंजून लाल झालेली एखादी वस्तू टेबलावर येते. कधी कॉफी दळायचं यंत्र, कधी कंदील, कधी कुऱ्हाड, कधी शिवणयंत्र. पडद्यावर फक्त दोन हात दिसतात. चेहरा नाही, बोलणं नाही, पार्श्वसंगीतही बहुधा नाही. हात एकेक स्क्रू सोडवतात, सुटे भाग ओळीनं मांडतात, गंज उतरवतात, रंग देतात, पॉलिश करतात आणि सगळं परत जोडतात. वीस-पंचवीस मिनिटांत भंगारातली वस्तू शोरूममधली होते. शेवटी एक छोटी चाचणी असते: कुऱ्हाडीच्या धारेनं कागद कापला जातो, कंदील पेटतो. थंबनेलवर अर्धी वस्तू गंजलेली आणि अर्धी चकचकीत. तेवढं पाहून सगळं कथानक कळतं आणि तरीही आपण पाहतो.

मी हे व्हिडिओ भरपूर पाहिले आहेत, अजून पाहतो. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते का आवडावेत हे उघड आहे. आमचं काम कधी पुरं होत नाही, एक तिकीट बंद केलं की त्यातून दोन निघतात. इथे प्रत्येक स्क्रूला त्याची जागा आहे आणि शेवटी सगळं बसतं. शिवाय त्यातून कळतंही खूप. वादळी कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या नुसत्या धरायला नसतात, त्यांतून हवा खाली बर्नरपर्यंत येते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. वस्तू उघडून पाहण्याची हिंमत हा प्रकार देतो आणि त्याबद्दल त्याला मान द्यायला हवा.

पण आता याच्याकडे जरा कठोरपणे पाहण्याची वेळ आली आहे. 'जुनी वस्तू नीट करणं म्हणजे काय' याचं आपल्या डोक्यातलं चित्र हे व्हिडिओ हळूहळू ठरवू लागले आहेत आणि ते चित्र आपल्या माळ्यांवरच्या पातेल्या-हंड्यांनाही लागू होऊ लागलं आहे. माझ्या मते ते चित्र चुकीचं आहे.

*

या व्हिडिओंमध्ये काळ हा शत्रू असतो. वस्तू कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस 'मूळ', त्यानंतर तिच्यावर जे जे घडलं तो सगळा मळ. मुठीला हाताच्या सवयीनं पडलेला खळगा, कुणीतरी तारेनं बांधलेला कान, चुकीच्या मापाचा पण चाळीस वर्षं टिकलेला बोल्ट, या सगळ्यांची गत एकच. 'माय मेकॅनिक्स' हे स्वित्झर्लंडमधलं चॅनल या प्रकारातलं बहुधा सर्वांत कसबी. तिथे खराब भाग दिसला की तो दुरुस्त करण्याऐवजी लेथवर नवाच घडवला जातो आणि तशी पाटी पडद्यावर येते. चाहत्यांना ही पाटी इतकी आवडते की तिची वाट पाहिली जाते. कारागिरी थक्क करणारी असते. मात्र शेवटी समोर असते ती जुन्या वस्तूच्या आकाराची नवी वस्तू.

याच ओढीतून या प्रकाराची एक बनवाबनवीही निघाली आहे. काही चॅनलवाले चांगली वस्तू मुद्दाम गंजवतात, चिखलानं माखतात आणि मग 'वाचवतात'. प्रेक्षक चिडतात, खाली पुरावे देतात. ही फसवणूक आहेच. तरी ती इतकी सोपी का जाते? कारण व्हिडिओला वस्तूचा भूतकाळ कधी लागतच नव्हता. त्याला फक्त गंज हवा होता, आणि तो बादलीभर मिठाच्या पाण्यात तयार होतो.

तांत्रिक बाजूनंही सगळे थर एकसारखे नसतात. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्याच्या आडून हवा-पाणी आत जात राहतं आणि लोखंड खाल्लं जातं. तो काढायलाच हवा. तांब्या-पितळेवर चढणारा तपकिरी-काळपट थर धातूला धरून बसतो आणि खालच्या धातूचं झिजणं मंदावतो. एक रोग, दुसरा जवळपास कातडी. व्हिडिओच्या नजरेला दोन्ही 'आधी'च्या बाजूला टाकायच्या गोष्टी.

*

मराठीत 'डाग' हा शब्द तीन कामं करतो. कपड्याला पडतो तो डाग. फुटलेलं भांडं किंवा तुटलेली साखळी सांधताना कारागीर लावतो तोही डाग. आणि 'बायकोच्या अंगावरचा एक डाग मोडला' म्हणतात तेव्हा डाग म्हणजे दागिना. मळ, सांधा आणि अलंकार यांना एकच शब्द वापरणाऱ्या माणसांना वस्तूकडे पाहण्याची काहीतरी वेगळी सवय असणार. 'डागडुजी' या शब्दात ती अजून शिल्लक आहे. डागडुजीनंतर वस्तू नवी होत नाही, चालू होते. कुठे सांधलं ते दिसतं आणि त्याची कुणाला लाज नसते.

मी वरशात राहतो. रोह्याला लागून असलेलं हे गाव आता रोह्याहून वेगळं काढणं अवघड. कुंडलिका जवळ, धाटावची औद्योगिक वसाहत जवळ. इथल्या चार महिन्यांच्या पावसात पितळ आठवड्यात काळवंडतं. तरीही इथल्या बऱ्याच घरांत माळ्यावर पितळेची, तांब्याची भांडी आहेत आणि त्यांच्यावर नावं आहेत. लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालायची रीत आपल्याकडे होती: कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं. ठिपक्या-ठिपक्यांची, वाकडीतिकडी अक्षरं. ज्या बाईच्या नावावर ना घर होतं ना जमीन, तिचं नाव पातेल्यावर मात्र असायचं. कित्येक घरांत आजी-पणजीचं नाव लिहिलेलं दुसरं काहीच शिल्लक नाही.

आमच्या कुटुंबात असं एक घंगाळ होतं, पणजीच्या नावाचं, १९५३ सालचं. नातेवाइकांपैकी एकांनी ते दिवाणखान्यात ठेवायचं म्हणून शहरात पॉलिशला दिलं. परत आलं ते सोन्यासारखं. बफिंगच्या चाकाखाली नाव गेलं होतं. आडव्या उजेडात पाहिलं तर दोन अक्षरांचे ठिपके जाणवतात, बाकी सपाट. देताना 'नाव राखा' असं कुणी सांगितलं नव्हतं आणि घेणाऱ्यानंही विचारलं नव्हतं. त्यानं त्याचं काम उत्तम केलं होतं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की आलेलं घंगाळ पाहून सगळे खूश झाले. नाव गेल्याचं कुणाच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. आपली नजर इतकी 'आधी-नंतर'ची झाली आहे.

नावासारखंच ठोक्यांचं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीनं जे ओळीनं ठोके घालतात त्याला मठारकाम म्हणतात. ते बारीक पैलू उजेडात सुंदर दिसतात, पण ती नुसती नक्षी नाही. ठोकल्यानं तांबं कडक होतं आणि भांडं सहज चेपत नाही. जोरदार बफिंगमध्ये हे पैलू बोथटतात. मग 'मूळ रूपात आणलं' असं म्हणताना नेमकं मूळ काय आणलं?

*

बोलत्या बाजूला बीबीसीचा 'द रिपेअर शॉप' आहे. २०१७ साली सुरू झालेला हा कार्यक्रम इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधल्या एका खुल्या संग्रहालयाच्या आवारातल्या जुन्या कोठारात चालतो. लोक घरची मोडकी वस्तू घेऊन येतात – आजोबांचं घड्याळ, आईची संगीतपेटी, फाटलेलं खेळण्यातलं अस्वल. वस्तू कुणाची, तिचं काय झालं, ते सांगतात. कारागीर काम करतात. मग कापडाखालून वस्तू उघड केली जाते आणि बहुतेक वेळा कुणीतरी रडतं.

मूक व्हिडिओंत नसलेली एक मोठी गोष्ट इथे आहे: मालक. तो असल्यामुळे कारागिराला विचारावं लागतं. हा ओरखडा घालवू की ठेवू? अस्वलाचा एक डोळा वेगळा आहे, तो तसाच हवा का? या प्रश्नांमुळे कार्यक्रम माझ्या लेखी वरचा ठरतो. दुरुस्तीत हातापेक्षा आधी निर्णय येतो आणि तो निर्णय इथे निदान कानावर पडतो. वस्तूची बाजारातली किंमत काय, हेही इथे काढत नाहीत.

पण याचीही एक मर्यादा आहे. इथे वस्तूचं काम म्हणजे आठवण करून देणं. दुरुस्त झालेली संगीतपेटी वाजते, डोळे भरतात, गोष्ट संपते. लोकांकडून पैसे घेतले जात नाहीत, त्यामुळे 'एवढा खर्च करावा का' हा सामान्य घरातला पहिला प्रश्न उठतच नाही. आणि ज्या वस्तूला सांगण्याजोगी गोष्ट नाही, नुसती रोज भात शिजवत आलेली आहे, ती त्या कोठारापर्यंत पोचणं कठीण. मूक व्हिडिओ वस्तूला माणसापासून सोडवतो. हा कार्यक्रम तिला माणसाच्या दुःखाला बांधून टाकतो. दोन्हीकडे ती वापरातून सुटते.

*

हा वाद नवा नाही. १८४९ साली जॉन रस्किननं वास्तुकलेवरच्या पुस्तकात जुन्या इमारती 'पूर्ववत' करण्याला विध्वंसाचाच एक प्रकार मानलं होतं. त्यापेक्षा वेळेवर काळजी घ्या, कौलं शाकारा, पन्हळी साफ ठेवा, असं त्याचं म्हणणं. कोकणातल्या कुणालाही हे पटावं. विसाव्या शतकात इटलीत चेझारे ब्रांदीनं १९६३ मध्ये जीर्णोद्धाराचा सिद्धांत मांडला. चित्राचा उडालेला भाग भरताना तो बारीक उभ्या रेघांनी भरावा, म्हणजे लांबून चित्र सलग दिसेल आणि जवळ गेलं की नवं कुठलं ते कळेल, ही पद्धत त्याच्या संस्थेतली. लांबून एक, जवळून खरं. मला ही तडजोड फार प्रामाणिक वाटते.

आपल्याकडेही दोन्ही टोकं आहेतच. रफू हा लपण्याचा उद्योग: रफूगराचं यश म्हणजे त्याचं काम न दिसणं. ठिगळ उघड असतं. आणि गोधडी तर ठिगळांचंच वस्त्र. तिच्यात कुणाचं लुगडं कुठे आहे हे घरातली पोरं बोट ठेवून सांगतात. देव्हाऱ्यातल्या टाकांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. वर्षानुवर्षं पुसून-धुऊन टाकावरचा देवाचा चेहरा पुसट होतो, मग ते सोनाराकडून उजळून आणतात. अगदीच झिजले तर नवे घडवतात आणि पुष्कळ घरांत जुन्या टाकांची चांदी त्यात घालतात. चेहरा नवा, चांदी जुनी, देव तोच. 'मूळ वस्तू कुठली' या प्रश्नावर तत्त्वज्ञ अडतात, घरातल्या माणसांनी उत्तर देऊन टाकलेलं आहे: ज्याची पूजा चालू आहे ते मूळ.

आणि आमच्या शेजारच्या पेणला तर दरवर्षी असंख्य गणपती घडतात ते विरघळण्यासाठीच. प्रत्येक वस्तू टिकवलीच पाहिजे असं आपली परंपरा म्हणत नाही. काय टिकवायचं, काय सोडायचं, काय वितळवून पुन्हा घडवायचं, याचे वेगवेगळे नियम ती ठेवते. 'रिस्टोरेशन'कडे एकच नियम आहे.

*

दुरुस्ती कशी असावी याचा माझ्या लेखी सगळ्यांत चांगला नमुना म्हणजे कल्हई. तिच्यावर कुणी सिद्धांत लिहिला नाही, पण तो तिच्यात आहे.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं. कोकमाचं सार, चिंचेची आमटी, ताक – आपल्या जेवणात आंबट नाही कुठे? कळकलेल्या आमटीची ती कडवट, हिरवट चव म्हणजे अन्नात उतरलेलं तांबं. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवतो, भात्यानं फुलवतो, घासून स्वच्छ केलेलं भांडं त्यावर फिरवत तापवतो. मग चिमूटभर नवसागर टाकतो. भपकन पांढरा धूर निघतो आणि त्याच क्षणी धातूवरचा काळा थर सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवली की भांडं आतून चंदेरी होतं. मग पाण्यात, चर्रर्र.

यात अचूकपणा किती आहे पाहा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, तांबं १०८५ला. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत कल्हई होते. ताव कमी पडला तर कथील पसरत नाही, गोळे होतात. जास्त झाला तर कथीलच जळून राखाडी पडतं. हातात थर्मामीटर नसतो. धूर, रंग आणि बोळ्याखालची सरक एवढ्यावर अंदाज. विश्वासाचाही भाग आहे: कथलात स्वस्ताईसाठी शिसं मिसळलेलं असेल तर ते जेवणात उतरतं, म्हणून आजही कल्हई करून घेताना शुद्ध कथलाचा आग्रह धरायला हवा.

पण कल्हईची खरी शिकवण तिच्या झिजण्यात आहे. काही महिन्यांत पळी-उलथन्यानं थर खरवडतो, तांबूस दिसायला लागतं, पुन्हा कल्हई. इथे 'नंतर'चं छायाचित्र काढून थांबता येत नाही. पुढची वेळ ठरलेलीच असते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला मेंटेनन्स म्हणतो आणि त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. सगळ्यांना 'रीराइट' हवं असतं: जुनं फेकू, स्वच्छ लिहू. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसते, अमुक तारखेला तमुक शाखेचा हिशेब वेगळा करा. ती मळासारखी दिसते. बऱ्याचदा ती डाग दिलेली जागा असते; कुठल्या तरी मार्चअखेरीला कुणीतरी गळणारं भांडं सांधलेलं असतं. ती न विचारता खरवडली की गळती परत सुरू होते.

*

इथे एक सावधगिरी हवी. पितळ गेलं आणि स्टील आलं ही गोष्ट आपण फार हळहळून सांगतो. ज्या बायकांनी रोज राखेनं, चिंचेनं ती जड भांडी घासली त्यांना विचारा. त्यांनी ती हसत मोडीत घातली, वजनावर, आणि स्टीलचे डबे घेतले. बोटांच्या भेगा भरून आल्या. व्हिडिओतले हातमोजे घातलेले हात एकदा चमकवतात, त्याला लाखोंनी प्रेक्षक. चाळीस वर्षं रोज चमकवणाऱ्या हातांच्या कामाला 'रिस्टोरेशन' कुणी म्हटलं नाही, ते नुसतं 'भांडी घासणं' होतं. या प्रकारावरचा माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे. तो निगेचं रूपांतर पराक्रमात करतो. आणि पराक्रम दिसायला आधी हेळसांड झालेली असावी लागते.

टाकून दिलेल्या वस्तूंचं मोल ओळखणारी माणसं आपल्याकडे झाली. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली: दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, दौती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी पुण्यात संग्रहालय उभं केलं आणि पुढे संग्रह शासनाला दिला. वीस हजारांवर वस्तू. राजेरजवाड्यांच्या तलवारींऐवजी पाय घासायच्या वज्रीत सौंदर्य पाहणं ही त्या काळातली मोठी समीक्षाच होती. केळकरांनी वाचवलं नसतं तर यातलं बरंच भट्टीत गेलं असतं. तरी काचेमागच्या अडकित्त्यानं आता सुपारी कातरायची नाही, हा त्या वाचण्याचा मोबदला. संग्रहालयाला तो द्यावाच लागतो. घराला द्यावा लागत नाही.

म्हणून आपल्या माळ्यावरच्या वस्तूंबद्दल माझं म्हणणं साधं आहे. सगळं राखू नका. जे कुणी वापरणार नाही आणि ज्यावर कुणाचं नाव नाही ते मोडीत जाऊ द्या, त्याचं पुन्हा काहीतरी घडेल. जे राखाल ते वापरा. वापरायला जेवढी लागते तेवढीच दुरुस्ती करा. कारागिराकडे देताना काय करायचं याच्या आधी काय करायचं नाही ते सांगा. नाव असेल तर त्यावर बोट ठेवून दाखवा आणि आधी त्याचा फोटो काढून ठेवा. लाखेचा, लॅकरचा कायमचा चमकता थर देऊ नका. चमक हवी तर वरचेवर घासा, नको असेल तर काळं पडू द्या.

आमच्याकडे त्याच पणजीच्या नावाचं एक पातेलं उरलं आहे. बाहेरून काळसर, कानाजवळ सांधलेलं. सांध्याचा डाग ओबडधोबड आहे, करणारा काही मोठा कारागीर नसावा. आईला त्यात कोकमाचं सार करायचं आहे, त्यामुळे त्याला कल्हई लागेल आणि वर्षभरात पुन्हा लागेल. कल्हई आतून होते. नाव बाहेर आहे.